शिकण्याच्या तऱ्हा आणि संगणकाची शिकवणी

साहित्याला वाहिलेल्या मासिकांत संगणकाच्या शिकवणीवरील लेखनाचा परामर्श कशासाठीं, असें कोणी विचारल्यास आम्ही सेमूर पॅपर्ट यांच्या एका लेखाकडे बोट दाखवूं. साहित्याची जशी समीक्षा असते तशी संगणकाचीहि असावी, अशी सूचना त्यांनीं १९८७ सालीं अमेरिकेंतील एका शिक्षणविषयक नियतकालिकांत केली. आणि साहित्यसमीक्षा ही जशी साहित्याची निंदा नव्हे, तशी ही समीक्षाहि संगणकाची निंदा ठरणार नाहीं, असा खुलासाहि त्यांनीं सोबतच जोडला. ही सूचना फारशी कोणीं मनावर घेतल्याचें दिसत नाहीं. संगणकाच्या अध्यापनावर लिहिणारे लोक बहुधा तक्ते आणि टक्केवारी यांच्या आश्रयानें लिहितात, आणि साहित्याचे समीक्षक त्या वाटेस जात नाहींत. परंतु या विषयावरील लेखनांत मनुष्यस्वभावाविषयीं मोठमोठीं विधानें केलेलीं असतात, आणि मनुष्यस्वभावाविषयीं कोणी विधान करूं लागला म्हणजे तें तपासून पाहण्याचा अधिकार साहित्याच्या वाचकास आपोआप प्राप्त होतो, असें आमचें मत आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष एका क्षुल्लक प्रसंगानें वेधलें. कांहीं वर्षांपूर्वी संगणक शिकविणाऱ्या शिक्षकांच्या एका वर्गास आम्ही पाहुणे म्हणून बसलों होतों. आरंभींच प्रत्येकाच्या हातीं एक प्रश्नावली आली. नवें उपकरण घरीं आणलें असतां तुम्ही आकृत्या पाहतां, कोणास विचारतां, माहितीपत्रक वाचतां, कीं सरळ बटणें दाबूं लागतां, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. उत्तरांची बेरीज झाली आणि आमच्या कपाळीं ‘कानानें शिकणारा’ असा शिक्का बसला. ज्यांचा जन्म पुस्तकांच्या समासांत पेन्सिलीच्या खुणा करण्यांत गेला त्यांस हें वर्तमान नवीनच होतें! इथपर्यंत सर्व विनोदाचें होतें. पुढें त्याच वर्गांतील एका शिक्षकाच्या शाळेंत जाण्याचा योग आला. तेथें एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या नांवापुढें ‘करून शिकणारा’ अशी नोंद होती, आणि इतर मुलांस दिलेले छापील पाठ त्याला दिलेलेच नव्हते. वाचन त्याच्या तऱ्हेंत बसत नाहीं, असें त्याच्या शिक्षकानें आम्हांस मोठ्या ममतेनें सांगितलें. तो मुलगा उत्साहानें बटणें दाबीत होता आणि पडद्यावर चूक दाखविणारी ओळ उमटली कीं ती न वाचतां पुसून टाकीत होता. संगणक आपल्या तक्रारी वाक्यांनींच सांगत असतो. जो तीं वाक्यें वाचावयास शिकला नाहीं त्याची गति पहिल्या चुकीपाशींच थांबावयाची, मग त्याची तऱ्हा कोणतीहि असो.

ज्या सिद्धांताच्या नांवावर हें घडलें त्याचे ग्रंथ आम्ही त्यानंतर मिळवून वाचले. डेव्हिड कोल्ब यांचा अनुभवाधिष्ठित शिक्षणावरील ग्रंथ १९८४ सालचा. त्यांत शिकणारांचे चार वर्ग पाडलेले आहेत. १९८८ सालीं रिचर्ड फेल्डर या रसायन-अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनीं लिंडा सिल्व्हरमन यांच्यासह अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकरितां पांच जोड्या कल्पिल्या. १९९२ सालीं न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनीं कॉलीन मिल्स यांच्यासह डोळा, कान, वाचन-लेखन आणि कृति अशी चार दारें दाखविली. आमच्या हातीं आलेली प्रश्नावली याच कुळांतील. यानंतर तर पीकच आलें. २००४ सालीं फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोजदाद केली तेव्हां अशा ७१ पद्धति त्यांस आढळल्या. मनुष्यांचे प्रकार पाडण्याचे प्रकारच एकाहत्तर झाले, तेव्हां त्या प्रकारांचेहि प्रकार पाडावयास हवेत, असें थट्टेनें म्हणावेंसें वाटतें.

या ग्रंथकारांवर अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूळ लेखक त्यांच्या अनुयायांपेक्षां पुष्कळच सावध आहेत. फ्लेमिंग आणि मिल्स यांच्या लेखाचें शीर्षकच, आपण आणखी एक यादी देत नसून विचाराला चालना देत आहों, अशा अर्थाचें आहे. आणि काळाचा विनोद असा कीं, जगांत त्यांच्या लेखांतील यादी तेवढी गेली, विचाराची चालना मागें राहिली. फेल्डर यांच्या बाबतींत घडलेली गोष्ट तर याहून उद्बोधक आहे. आपला जुना लेख २००२ सालीं पुन्हां प्रसिद्ध करतांना त्यांनीं त्याला एक प्रास्ताविक जोडलें आणि पांच जोड्यांपैकीं एक, म्हणजे उदाहरणांवरून नियमाकडे जाणारे आणि नियमावरून उदाहरणांकडे येणारे ही जोडी, काढून टाकली. कारण त्यांनीं प्रांजळपणें दिलें आहे. उदाहरणांवरून नियमाकडे जाण्याची रीत त्यांच्या मतें सर्वांनाच हितकर; पण विद्यार्थ्यांस विचारावें तर नियम आधीं सांगून टाका असेंच ते म्हणावयाचे, आणि मग तेंच निमित्त करून शिक्षक आपली जुनी रटाळ रीत चालूं ठेवावयाचे. आम्हांस या प्रांजळपणाचें कौतुक वाटतें. परंतु यांतून सिद्धांताचा पायाच उघडा पडतो, हें त्यांच्या लक्षांत कसें आलें नाहीं? विद्यार्थ्यास जें आवडतें तें त्याला हितकर असेलच असें नाहीं, हें एका जोडीपुरतें कबूल केलें, तर उरलेल्या चार जोड्यांविषयीं तीच शंका कां घेऊं नये?

ती शंका शास्त्रीय रीतीनें घेण्याचें काम हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तिघां सहकाऱ्यांनीं केलें. त्यांचा निबंध २००८ सालच्या अखेरच्या अंकांत निघाला. त्यांची कसोटी इतकी सरळ आहे कीं ती समजावयास मानसशास्त्र यावें लागत नाहीं. डोळ्यानें शिकणारे आणि कानानें शिकणारे असे दोन गट करा. प्रत्येक गटांतील अर्ध्यांना चित्रांनीं आणि अर्ध्यांना बोलून शिकवा. कोणाला काय मिळावें हें चिठ्ठ्या टाकून ठरवा. शेवटीं सर्वांची एकच परीक्षा घ्या. डोळ्यानें शिकणारांस चित्रांनीं आणि कानानें शिकणारांस बोलण्यानें अधिक गुण मिळाले तरच सिद्धांत खरा. चित्रांनीं दोन्ही गटांचें भलें झालें तर चित्रें चांगलीं एवढेंच सिद्ध होईल. तऱ्हेचा तेथें संबंध नाहीं. या कसोटीवर घांसून पाहतां प्रचंड वाङ्मयांतून पुरेसा पुरावा असा कांहींच हातीं लागला नाहीं, हा त्या निबंधाचा निष्कर्ष होय. तो वाचून आमचें समाधान झालें, आणि त्याच वेळीं एक रुखरुखहि लागली. एकाच वर्गांत एकाच पाठानें दोघेजण अगदीं निरनिराळ्या रीतीनें वागतात, हें ज्यानें एक तास शिकविलें आहे तो जाणतो. प्रश्नावलीनें जें पकडावयास पाहिलें तें तिच्या हातीं लागलें नाहीं. पण तें मुळांत नव्हतेंच, असें म्हणावयास आमचें मन घेईना.

हें जें निसटून गेलें तें आम्हांस ज्या लेखनांत भेटलें त्याविषयीं आतां विस्तारानें लिहावयाचें आहे. शेरी टर्कल यांचें ‘द सेकंड सेल्फ’ हें पुस्तक १९८४ सालचें, आणि टर्कल व पॅपर्ट या दोघांनीं मिळून लिहिलेला, ज्ञानाच्या अनेक वाटा आणि मूर्ताचें पुनर्मूल्यन यांवरील दीर्घ निबंध १९९० सालचा. या लेखकांजवळ प्रश्नावली नाहीं. ते मुलांच्या शेजारीं बसून राहिले, त्यांचें काम पाहिलें, आणि पाहिलें तें लिहिलें. एवढ्यानेंच त्यांच्या लेखनास कथेचा सजीवपणा आला आहे.

जेफ आणि केव्हिन हे प्राथमिक शाळेंतील दोघे मुलगे. दोघेहि पडद्यावर अंतराळयान उडविण्याच्या नादांत. जेफ आधीं मनांत आराखडा ठरवितो, कामाचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा तयार करून बाजूस ठेवतो आणि शेवटीं सर्व जोडतो. केव्हिन चित्रकारासारखा आहे. तो पडद्यावर कांहीं ठेवतो, मागें सरून पाहतो, बदलतो, पुन्हां पाहतो. यान कोठें जाईल हें तें उडूं लागल्यावर त्याला कळतें. दोघांचींहि यानें उडतात. अ‍ॅन नांवाच्या एका मुलीला आकाशांतील पक्षी दिसेनासे आणि पुन्हां दिसूं लागलेले हवे होते. नियमानें चालणारानें पक्ष्याचा रंग बदलण्याची आज्ञा लिहिली असती. तिनें काय करावें? प्रत्येक पक्ष्यावर आकाशाच्या रंगाचा एक पडदा ठेवला! पडदा दिसला कीं पक्षी झांकला जातो, पडदा काढला कीं दिसतो. तिचा पक्षी नाहींसा होतच नाहीं, पडद्याआड तसाच उडत असतो. ज्या मुलीला पक्षी पुसून टाकणें मानवलें नाहीं तिच्याविषयीं हें वाचतांना आम्हांस प्रश्नावलींतील चार खान्यांची आठवण झाली आणि त्यांची कींव आली.

बॉस्टनच्या एका शाळेंतील नऊ वर्षांचा अ‍ॅलेक्स हा आमचा विशेष आवडता. खेळण्याच्या ठोकळ्यांतून चालतें यंत्र बनवावयाचें होतें. चाकें, दांते आणि मोटार हें साहित्य सर्वांस सारखेंच. इतर मुलांनीं मोटारीनें चाकें फिरविलीं. मोटार चालूं झाली म्हणजे थरथरते, एवढेंच अ‍ॅलेक्सनें हेरलें, आणि त्या थरथरीवरच आपलें यंत्र चालविलें. चाकें त्यानें आडवीं करून यंत्राच्या पायांत जोड्यांसारखीं घातलीं. टर्कल आणि पॅपर्ट यांनीं अशा रीतीस क्लोद लेव्ही-स्त्रोस यांच्याकडून घेतलेला एक फ्रेंच शब्द लाविला आहे. घरांत असेल त्या वस्तूंची जुळवाजुळव करून काम भागविणारा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे अशा मनुष्यास खटपट्या म्हणतात आणि त्या शब्दांत कौतुक असतें तितकाच उपहासहि असतो. निबंधकारांचा सारा रोख त्या उपहासाविरुद्ध आहे. हार्वर्ड विद्यापीठांत प्रोग्राम लिहिण्याच्या प्राथमिक वर्गास बसलेल्या लिसा आणि रॉबिन या दोन तरुणींच्या हकीकती त्यासाठींच आल्या आहेत. एकीला कवितेंतील शब्दांप्रमाणें प्रोग्रामचीं अंगें जवळून हाताळावयाचीं होतीं, दुसरीला तयार मिळालेले भाग उघडून आंत काय आहे तें पाहावयाचें होतें. दोघींनाहि सांगण्यांत आलें कीं ही रीत बरोबर नव्हे, झांकलेल्या पेट्या झांकलेल्याच वापरावयाच्या. आणि दोघींनाहि आपली रीत बाजूस ठेवावी लागली. येथें खरी हानि कोणती होते हें निबंधांत अचूक सांगितलें आहे. विद्यार्थी नापास होतो असें नाहीं. हें यंत्र माझें नव्हे, अशी त्याच्या मनाची कायमची समजूत होते.

पॅपर्ट यांचें ‘माइंडस्टॉर्म्स’ हें १९८० सालचें पुस्तक या सर्वांच्या मुळाशीं आहे. लोगो ही मुलांची संगणकभाषा १९६७ सालीं वॉली फॉयर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि पॅपर्ट यांनीं सिद्ध केली. तिच्यांत एक कासव असतें. त्याला पुढें जा, वळ, अशा आज्ञा द्यावयाच्या. वर्तुळ काढावयाचें असेल तर पॅपर्ट मुलाला म्हणतात, तूंच कासव हो आणि चालून पाहा. मूल चार पावलें चालतें आणि सांगतें: थोडें पुढें जायचें, थोडें वळायचें, पुन्हां तसेंच. एक पाऊल पुढें, एक अंश उजवीकडे, हेंच ३६० वेळां, वर्तुळ पुरें. भूमितीच्या पुस्तकांतील वर्तुळास एक केंद्र असतें आणि सर्व बिंदु त्यापासून सारख्या अंतरावर असतात. कासवाला केंद्राची गांठच पडत नाहीं. त्याला फक्त आपलें पुढचें पाऊल ठाऊक असतें. दोन्ही व्याख्या खऱ्या. मात्र दुसरी मुलाच्या अंगांतून निघालेली आहे. ती केवळ कृतीनें शिकणारालाच कळते आणि इतरांना कळत नाहीं असें मुळींच नाहीं. वर्गांतील शेवटच्या बाकावरचा मुलगा आणि पहिला नंबर काढणारी मुलगी, दोघांनाहि ती कळते.

या पुस्तकाचे दोष झांकण्याचें आम्हांस कारण नाहीं. उपोद्‌घातांत पॅपर्ट आपल्या बालपणींची गोष्ट सांगतात. दंतचक्रांवर त्यांचें वेड्यासारखें प्रेम होतें आणि पुढें गणितांतील समीकरणें ते त्या चक्रांच्याच द्वारें समजून घेत. सर्व मुलांना अशीं चक्रें वाटावींत काय? नाहीं, असें तेच उत्तर देतात. कारण आपण चक्रांच्या प्रेमांत पडलों होतों, आणि प्रेम वाटतां येत नाहीं. इतकें सुंदर सांगून पुढें दोनशे पानें ते सर्व मुलांना कासव वाटीत सुटतात! संगणक हा यंत्रांमधील बहुरूपी असल्यामुळें तो प्रत्येकाच्या आवडीचें रूप घेऊं शकेल, असें यावर त्यांचें समर्थन आहे. तें खोटें नाहीं, पण बहुरूप्याला सोंग कोणी तरी रंगवून द्यावें लागतें. तें काम शिक्षकाचें, आणि या पुस्तकांत शिक्षक फारच थोडा दिसतो. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट महाविद्यालयांतील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनीं १९८४ च्या सुमारास तपासून पाहिलें, तों लोगो शिकलेल्या मुलांची योजना आखण्याची शक्ति न शिकलेल्या मुलांहून वाढलेली त्यांस आढळली नाहीं. ज्या लेखाचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला तो पॅपर्ट यांचा लेख म्हणजे या टीकेस उत्तर होय. लाकडानें चांगलें घर होतें काय, हा प्रश्न जसा व्यर्थ, तसाच लोगोनें बुद्धि वाढते काय हाहि, असें ते म्हणतात. उत्तर चतुर आहे आणि अर्धें खरेंहि आहे. परंतु लाकूड विकणारानेंच आधीं घराचें चित्र रंगवून दाखविलें असेल, तर गिऱ्हाइकानें घराविषयीं विचारल्यास त्याला रागावतां येत नाहीं.

टर्कल यांच्या हकीकतींसहि एक मर्यादा आहे. मुलगा जसा आज दिसतो तसाच तो आहे, असें त्या वाचतांना वाटत राहतें. तो असा कशानें झाला, हा प्रश्न फारसा येत नाहीं. आमच्या अनुभवांतील एक उदाहरण या ठिकाणीं देतों, कारण तें मराठी वाचकास घरचें वाटेल. महाराष्ट्रांत २००१ पासून एम.एस.सी.आय.टी. सारखे वर्ग निघाल्यावर निरनिराळ्या वयाचीं माणसें एका बाकावर येऊन संगणकावर मराठी लिहावयास बसूं लागलीं. अशाच एका खाजगी वर्गांत आम्हीं दोन व्यक्तींस शेजारीं शेजारीं पाहिलें. एक कचेरींतून निवृत्त झालेले मराठी टंकलेखक, दुसरी नुकतीच शाळा संपविलेली मुलगी. दोघांपुढें इन्स्क्रिप्टचा कळफलक होता. त्याच्या डाव्या अंगास स्वर आणि त्यांच्या खुणा, उजव्या अंगास व्यंजनें. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर. ‘किती’ लिहावयाचें तर आधीं क, मग ऱ्हस्व वेलांटी, मग त, मग दीर्घ वेलांटी. बोलतों त्या क्रमानें उजवा हात, डावा हात, उजवा, डावा. मुलगी तोंडानें पुटपुटत होती आणि बोटें तिच्या पुटपुटण्यामागून चाललीं होतीं. आजोबांचें मात्र पहिल्याच अक्षरापाशीं अडे. ते आधीं वेलांटी दाबीत आणि मग क शोधीत. रेमिंग्टनच्या यंत्रावर तोच क्रम बरोबर होता. कागद डावीकडे सरकत जाणार, तेव्हां जी खूण डोळ्यांस आधीं दिसते ती आधीं उमटवावयाची. तेथें अनेक अक्षरांचा अर्धा अवयव आणि काना वेगवेगळ्या कळांनीं जोडावा लागे. अक्षर हें त्यांच्या लेखीं एक चित्र होतें.

प्रश्नावली घेऊन कोणी तेथें आला असता तर त्यानें मुलीच्या नांवापुढें ‘कान’ आणि आजोबांच्या नांवापुढें ‘डोळा’ असें लिहून समाधानानें घरची वाट धरली असती. वस्तुस्थिति अशी होती कीं, आजोबांच्या बोटांत तीस वर्षांची नोकरी बसलेली होती. वर्गाची शिक्षिका शहाणी होती. तिनें त्यांना विचारलें, “काका, तुमच्या यंत्रावर हें कसें लिहीत होतां?” त्यांनीं टेबलावर बोटें वाजवून दाखविलें. मग ती म्हणाली, “तें यंत्र दिसेल तसें लिहीत होतें, हें ऐकूं येईल तसें लिहितें. तुम्ही शब्द मोठ्यानें म्हणा.” ते संकोचले, मग म्हणूं लागले. चार दिवसांनीं त्यांच्या ओळी सरळ येऊं लागल्या, आणि पुढें तर क-ख, ग-घ यांच्या जोड्या पाहून, हें वर्णमालेच्या हिशेबानें बसविलें आहे कीं काय, असें त्यांनींच तिला विचारलें. ज्याला ‘डोळा’ म्हणून बाजूस काढलें असतें तो कानाच्या वाटेनें पुढें गेला. कारण त्याला अडवीत होतें तें त्याचें आधींचें ज्ञान होतें, जन्मजात तऱ्हा नव्हती.

नवशिका आणि जाणता यांतील हा भेद प्रयोगांतहि टिकून राहिला आहे. स्लाव्हा काल्युगा, जॉन स्वेलर आणि त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, पायरीपायरीनें सोडवून दाखविलेलीं उदाहरणें नवशिक्यास तारक असतात आणि तींच जाणत्यास अडथळा होतात. केव्हिन आणि जेफ यांच्याविषयीं बोलतांना हेंहि ध्यानांत असावें. दृष्टिहीन विद्यार्थ्यांचें उदाहरण कोणी या वादांत आणील तर तो घोंटाळा होईल. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा एन.व्ही.डी.ए. हा मोफत प्रोग्राम २००६ सालीं मायकेल करन यांनीं सुरू केला. ते स्वतः दृष्टिहीन असून त्यांस याची गरज होती. गरजेला तऱ्हा म्हटलें कीं ती शिक्षकाच्या मर्जीवर जाते.

टर्कल यांचीं चित्रें आणि पॅपर्ट यांचा तीन-चार पानांचा उपोद्‌घात, एवढें तरी संगणक शिकविणारांनीं मुळांतून वाचावें. प्रश्नावल्या वाचावयाच्या राहिल्या तरी चालतील. ज्या मुलाचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला त्याच्या शिक्षकास आम्हीं तो उपोद्‌घात दिला होता. तो त्यांस किती रुचला हें सांगतां येत नाहीं. पण पुढच्या खेपेस गेलों तेव्हां मुलाच्या हातीं छापील पाठ होता. पडद्यावर चुकीची ओळ उमटली. त्यानें ती पुसावयास बोट नेलें, थांबला, आणि एकेका शब्दावर बोट ठेवून ती वाचूं लागला. तिसऱ्या शब्दावर त्यानें शिक्षकांना हांक मारली आणि अर्थ विचारला.